श्वासाची अर्जी घेऊन आदिलाबादला

शनिवार, जैनथ

आदिलाबाद स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने माझी बॅग उचलली, तिच्यावरचं हॉस्पिटलचं जुनं लेबल वाचलं आणि अदबीने विचारलं, "डॉक्टरम्मा?"

मी नाही म्हटलं.

"नर्सम्मा?"

तेही नाही. मग मी "रेस्पिरेटरी थेरपिस्ट" असं सगळं लांबलचक सांगून टाकलं. त्यावर तो "अच्छा अच्छा" म्हणाला आणि त्याने रिक्षा सुरू केली. त्याला दोष कशाला द्यायचा? माझ्या सख्ख्या नणंदेला अजून वाटतं की मी पस्तीस वर्षं पुण्याच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या टाक्या बदलत होते. ज्याचा श्वास अपुरा पडतो त्याला आहे तेवढा श्वास नीट वापरायला शिकवायचा, दम्याचा पंप कसा ओढायचा ते दाखवायचं, लागलं तर यंत्र लावायचं आणि त्याहून अवघड म्हणजे त्या यंत्रावरून माणसाला हळूहळू उतरवायचं, हे माझं काम. ते नीट झालं की कुणाच्या लक्षातही येत नाही. तेलंगणातल्या आदिलाबादला मी याच कामाची वकिली करायला आले होते.

निमित्त होतं तुळशीरामबाबांचं. बाबांनी उभी हयात कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत काढली. कापूस सरकीपासून सुटा होताना जी धूळ उडते ती तिथे वर्षानुवर्षं नाकातोंडात जाते, आणि त्यांच्या फुप्फुसांनी ती सगळी जमा करून ठेवली. मी निवृत्त होण्याच्या आदल्या महिन्यात ते पुण्यात मुलाकडे आले असताना आमच्या वॉर्डात भरती झाले. आठ दिवस मी त्यांच्या मागे हात धुऊन लागले आणि नवव्या दिवशी ते आपल्या पायांनी चालत घरी गेले. पण आदिलाबादजवळच्या आपल्या गावी, जैनथला परतल्यावर महिन्याभरात त्यांनी पुन्हा खाट धरली. त्यांची मुलगी सुजाता तिथल्या मराठी शाळेत शिक्षिका आहे. तिने फोन केला.

"मॅडम, औषधं तीच आहेत, पण तुम्ही शिकवलेलं सुटून गेलं. इथं दाखवाले कोणीच नाही. असंच राह्यलं तं बाबा हा हिवाळा काढत नाहीत."

बाबा पुण्याहून परतल्यापासून सुजाता एक अर्जी घेऊन हिंडत होती. मागणी एवढीच, की जिल्ह्याला रेस्पिरेटरी थेरपिस्टचं एक पद द्या आणि त्या माणसाने आठवड्यातून एकदा मंडलांच्या, म्हणजे तिथल्या तालुक्यांच्या, गावी येऊन दम्याचे, खोकल्याचे पेशंट तपासावेत. दर सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकांची गाऱ्हाणी ऐकतात, त्याला इथे प्रजावाणी म्हणतात. तिथे तिला दरवेळी विचारत, हा माणूस नेमकं करतो काय? तिला ते पटवून देता येईना. म्हणून मला बोलावणं. मी तिकिटं काढली, शनिवारी पोचायचं आणि मंगळवारी परतायचं.

जैनथच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कापूस होता. शेतात होता तो होताच, पण भरून गेलेल्या ट्रॅक्टरांतून उडालेला बाभळीच्या काट्यांनाही अडकलेला होता. मला ते दृश्य सुंदर वाटलं आणि लगेच बाबांची आठवण होऊन माझी मलाच लाज वाटली.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली सुजाताची पुस्तकं आणि दाराशी खाट. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसले होते. "जय भीम, म्याडम," एवढं म्हणायला त्यांना दोन श्वास लागले. पुण्याहून निघताना हा माणूस वॉर्डातल्या आयाला गोष्टी सांगत होता.

मी म्हटलं, "पंप घेऊन दाखवा."

बाबांनी पंप हलवला, तोंड उघडलं, फुसकन फवारा मारला, तोंड मिटलं आणि वर घोटभर पाणी प्यायले.

"हे कुणी शिकवलं?"

"शेजारचा म्हणाला, गोळीवर पाणी पेतोच न. मंग याच्यावर काऊन नाही?"

मला राग आला आणि हसूही. राग त्यांचा नव्हता. आठ दिवस शिकवून मी त्यांना सहाशे किलोमीटर दूर पाठवून दिलं होतं आणि माझ्या वहीत "रुग्ण बरा होऊन घरी" असं लिहून मोकळी झाले होते.

सुजाताने थंड पेयाची रिकामी बाटली आणली. मी बुडाला तापल्या सुरीने पंपाच्या मापाचं भोक पाडलं. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला तोंड. एकदाच दाबायचं आणि बाटलीतली हवा सावकाश ओढून धरायची. मग ओठ आवळून लांब फुंकर, आत घेतल्याच्या दुप्पट वेळ. हवा आत येत नाही असं पेशंटला वाटतं, पण खरी अडचण आतली शिळी हवा बाहेर न गेल्याची असते. पहिल्या फुंकरीला मी मोजले तीन आकडे. संध्याकाळपर्यंत पाच झाले.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. आमच्याकडे ठेचा ताटात डावीकडे टिकलीएवढा असतो. इथे तो भाजीच्या मानाने वाढतात. पाहुणीने मागे का हटावं म्हणून मी मोठा घास घेतला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, श्वास अडकलेला. बाबा खाटेवरून माझ्याकडे पाहत होते.

"ओठ आवळा, म्याडम," ते म्हणाले. "लांब फुंकर मारा. मी मोजतो."

रविवार, तामसी

सकाळी आदिलाबादला हॉटेलात इडली खाल्ली. आपल्याकडे नारळाची चटणी असते, तिथे शेंगदाण्याची, आणि तीच मला जास्त आवडली. मग सुजाता आणि मी तामसीची बस धरली. अर्जीवर सह्या केलेले बाकीचे पेशंट तिकडचे होते.

पार्वताबाईंच्या ओसरीवर सातजण जमले. पार्वताबाई कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरातल्या, साठीच्या, आणि विडी तर सोडाच, सुपारीचंही व्यसन नसलेल्या. त्यांची फुप्फुसं चुलीने खाल्ली. आता घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरचीच लागते. मी जरा फटकळपणे म्हटलं, "भाकरी गॅसवर होत नाही का?"

"होते न, माय," त्या म्हणाल्या. "पण घरचे खात नाहीत. अन् घरच्यायले तपासाले तुमी आल्या नाही, मले तपासाले आल्या."

मी पिशवीतला पंप काढला.

त्यांचा स्वतःचा पंप कुठे होता? देवघरात. डॉक्टरांनी "गरज लागली की घ्या" म्हटलं होतं, म्हणून खोक्यातून न काढता हळदीकुंकू वाहून ठेवलेला. माझ्या कपाळावर आठ्या पडल्या, पण सातांपैकी तिघांचं थोड्याफार फरकाने असंच होतं. औषध सरकारने दिलं होतं, डॉक्टरांनी बरोबर लिहून दिलं होतं. ते शरीरात कसं जायचं हे सांगणारं माणूस मध्ये नव्हतं.

फुंकर शिकवताना मी पुण्याची सवयीची उदाहरणं दिली. वाढदिवसाची मेणबत्ती म्हटलं, कुणी हललं नाही. बशीतला चहा म्हटलं, तर सगळे पेल्यातून पिणारे. शेवटी पार्वताबाई उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि फुंकणी घेऊन आल्या. ती लोखंडी नळी ओठांना लावून त्यांनी अशी एकसारखी, लांब, न तुटणारी फुंकर मारली की मी पाहतच राहिले.

"अशी का?"

"अश्शीच. आता नळी बाजूला ठेवून."

जिने दुखणं दिलं तीच नळी उपचार शिकवून गेली. दुपारपर्यंत बायका पुरुषांना शिकवत होत्या. मला फार आनंद झाला. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी सुजाताला म्हटलं, "उद्या सगळ्यांनी निघण्याआधी बाटलीतून पंप घ्यायचा आणि कचेरीत फुंकरीने श्वास घ्यायचा. मला तिथे कुणी धापा टाकताना दिसायला नको."

माझी चूक तिथेच झाली.

सोमवार, कलेक्टर कचेरी

आदिलाबादच्या बसस्टँडवर सगळे जमले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. पुरुष परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत, पार्वताबाई नव्या लुगड्यात, आणि तुळशीरामबाबा निळ्या काठाचा फेटा बांधून. त्या भागात दवाखान्यात माणूस जसा असेल तसा जातो, पण कचेरीत जाताना नटून, सरळ, धडधाकट जातो. साहेबापुढे खोकणं म्हणजे बेअदबी. पार्वताबाईंनी तर पदराचं टोक आधीच दातांत धरून ठेवलं होतं.

हॉल पहिल्या मजल्यावर होता. बाबांना मी जिन्याच्या प्रत्येक तिसऱ्या पायरीवर थांबवून फुंकर मारायला लावली आणि ते चढले. कुणाचा हात न धरता. वर पोचल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या गर्दीतही गहिवरून आलं.

तासाभराने आमचा नंबर लागला. त्या दिवशी ऐकायला बसलेला अधिकारी तरुण होता, चेहऱ्याने सज्जन आणि सकाळपासून गाऱ्हाणी ऐकून थकलेला. सुजाताने तेलुगूतली अर्जी पुढे ठेवली. त्याने ती खरोखर वाचली. मग मान वर करून समोरच्या रांगेकडे पाहिलं. आठ माणसं स्वच्छ कपड्यांत, पाठ ताठ, श्वास शांत, एकही खोकला नाही.

"इनमें पेशंट कौन है?" त्याने विचारलं.

सुजाता म्हणाली, "सभी, सर."

"ये तो सब ठीक दिख रहे हैं."

दोन दिवस खपून मी यांना इतकं नीट बसवलं होतं की आजार कुठे दिसतच नव्हता. आजार दाखवायला आले होते आणि तो स्वतःच्या हाताने झाकून बसले.

मग मी बोलायला लागले, आणि घाबरले की मी फार बोलते. फुप्फुसाची क्षमता, सरकारी दवाखान्यांत कोरोनाच्या वेळी आलेली आणि आता कापडाखाली झाकलेली यंत्रं, ती चालवणारं शिकलेलं माणूस, सगळं एका दमात. अधिकाऱ्याची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या रांगेकडे गेली. तो शांतपणे म्हणाला की डॉक्टर आहेत, नर्स आहेत, औषधं आहेत, यंत्रं आहेत. मंजूर पदांच्या यादीत हे पद नाही. मग या एका माणसाने आणखी असं काय होणार आहे?

तेवढ्यात तुळशीरामबाबा उठले. सुजाताने त्यांचा सदरा धरला, तो त्यांनी सोडवला.

"साब, एक बात बोलूं?" ते म्हणाले, आणि थांबले. फुंकर मारली. सगळा हॉल त्यांच्या फुंकरीसाठी थांबला. "परसों मैं खाट से दरवाजे तक गया, तो बैठना पड़ा. आज आपका जीना चढ़ के आया." पुन्हा फुंकर. "दवा वहीच है साब, पहले से. पंप वहीच है. मैं भी वहीच हूं. नया क्या है? ये बाई नई है. दो दिन हुए." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हमको अच्छा देख के आप ना बोल रहे. पर ये बाई का कल का टिकट है."

ते खाली बसले. आणि मग एवढं बोलल्याचा व्हायचा तो परिणाम झाला. त्यांना ढास लागली, थांबेना. ती ऐकून पार्वताबाईंनी दातांतला पदर सोडला, आणि पाहता पाहता ती सगळी ताठ रांग वाकली. आठजण खोकत होते. मी एकेकापुढे जाऊन बाटली धरत होते, पाठीवर हात ठेवून आकडे मोजत होते. अधिकारी टेबलामागून उठून कधी माझ्या बाजूला आला ते मला कळलं नाही.

सगळे शांत झाल्यावर त्याने विचारलं, "आप सच में कल जा रही हैं?"

"तिकीट है," मी म्हटलं.

त्याने अर्जीवर मोकळ्या जागेत पाच-सहा ओळी लिहिल्या, दस्तखत केलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. पद निर्माण करणं त्याच्या हातात नव्हतं, ते राज्याच्या आरोग्य खात्याचं काम. त्याने शिफारस जोडली होती. तोवर नर्सना कुणी शिकवणार असेल तर परवानगी मिळवून देईन, म्हणाला. किती दिवस लागतील, त्याने विचारलं. मी म्हटलं, महिना तरी. त्याने मान डोलावली आणि मी तो महिना देईन का, हे विचारलं नाही. मीही आपणहून बोलले नाही. तिकीट है, हे मी इतक्या झटकन म्हटलं होतं की ते मला अजून ऐकू येतं.

मंगळवार, आणि नंतर

निघण्याआधी पार्वताबाई आदिलाबादला भेटायला आल्या, पिशवीत ज्वारीचं पीठ घेऊन. बरोबर गुडीहत्नूरहून आलेली त्यांची भाची होती, तिलाही दमा. मला दाखवायला म्हणून पार्वताबाईंनी मोठ्या ऐटीत तिला बाटली शिकवली. पंप दोनदा दाबला, हवा ओढायच्या आधीच बाटली तोंडातून काढली आणि मग सुरेख लांब फुंकर मारली. दोन दिवस झाले नव्हते आणि निम्मं निसटलं होतं. मी पुन्हा दाखवलं. गाडीची वेळ झाली.

पुण्यात आल्यावर बाबांचा रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. ते बोलत नसत. फोन तोंडाशी धरून फुंकर मारत आणि मी इकडे मोजत असे. पहिल्या दिवशी आठ. मी इमारतीतल्या चारजणींना अभिमानाने सांगितलं. पुढच्या आठवड्यात सात, मग सहा. थंडी वाढली असेल म्हणून मी मनाची समजूत घातली. मग एका संध्याकाळी चार.

"बाबा, बाटलीचं भोक मोठं झालंय का? पंप हलतोय का त्यात?"

"आता फोनातून बाटली दिसते का, म्याडम?" ते म्हणाले. मध्ये तीन श्वास.

पुण्यात माझं काय अडलं होतं? काही नाही. गॅलरीतली झाडं आणि नणंदेचा फोन. मला इथलं रिकामपणाचं सुख हवं होतं, आणि ते मी तिकिटाच्या नावावर खपवलं होतं. मी सुजाताला कळवलं की त्या अधिकाऱ्याला सांग, नर्सना शिकवायला मी महिनाभर येते, आणि बाबांकडेही रोज बघेन. परवानगी आली. मी येत्या शनिवारची गाडी धरतेय. अर्जीचं विचारलं, तर ती "विचाराधीन" आहे.

बाबांना मीच सांगितलं. मला वाटलं होतं, खूश होतील. फोनवर एक फुंकर ऐकू आली, मी सवयीने मोजली, चारच.

"या तुमी," ते म्हणाले. "लई बरं होईन. पण एक आयका. तुमी आल्या म्हणून सरकार म्हणन, चला, भागलं याह्यचं." पुन्हा फुंकर. "म्हणून अर्जी आमी मागं घेऊन नाही राह्यलो. दर सोमवारी जाणार. तुमी बी आता साठीच्या हाय, म्याडम. तुमी थकल्यावर तिथं कोण बसन, ते लिहून पाह्यजे आमाले."